मोजणीदार

संगणकाच्या ज्या भाषा अद्याप जन्मास आल्या नसतील त्यांच्याही शिकवण्यांचे फलक हैदराबादच्या दिलसुखनगरात आधीच लागले असावेत, अशी शंका येण्याइतकी फलकांची दाटी आमच्या गल्लीत आहे; आणि त्या फलकांच्या मागे, एकेका खोलीत चार-चार खाटा मांडून चालविलेल्या वसतिगृहांपैकी एकात आमचे भाचेबुवा गेली दोन वर्षे मुक्कामास आहेत. ते मूळचे धर्माबादचे, म्हणजे मिरचीच्या मुलखातले; वर्ण सावळा, प्रकृती किरकोळ, आणि मनगटावर एक काळी पट्टी, जिला नाडीचे ठोके विचारल्याखेरीज ते जिना चढत नाहीत.

माणसाने फार तर स्वतःची स्तुती करावी, इथवरच आमच्या पिढीची मजल गेली होती. भाचेबुवांनी स्वतःची मोजणी काढली. निद्रा, पाणी, पावले, चहा, जांभया, फार काय शिंकासुद्धा, या सर्वांची नोंद रोज तक्त्यात दाखल होते आणि महिनाअखेर तिचा रीतसर ताळेबंद निघतो. आमचे आजोबा निजामी अमलात पटवारी होते. पहाणीपत्रकात पीक लिहिताना बांधावर जाण्याची तसदी ते क्वचितच घेत, तरीही कागदावर ज्वारी दरसाल उत्तम डोलत असे. त्यांचा हा पणतू आपल्या देहाचा बांध न् बांध हिंडतो, हे पाहून मला प्रथम कौतुकच वाटले. त्याच्या आईला मात्र वाटत नाही. ती फोनवर “जेवलास का रे?” म्हणून विचारते, आणि “प्रथिने 58 ग्रॅम” असे उत्तर आले की, “ते असू दे, पोट भरलं का?” हा मूळ मुद्दा पुन्हा पटलावर ठेवते.

या खुळाला परंपरा नाही असे नाही. पादुआचे वैद्य सांतोरिओ यांनी सुमारे तीस वर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून, पोटात गेलेले आणि शरीराने टाकलेले यांचा हिशेब ठेवला. जी तूट येई ती त्वचेवाटे उडून जाणाऱ्या अदृश्य घामाच्या खाती घातली. आणि 1614 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ही हकीकत मी मोठ्या रसाने सांगितली, तेव्हा भाचेबुवांनी एवढेच विचारले, “मामा, खुर्चीला सेन्सर कोणता होता?” त्यांचा जो दहा हजार पावलांचा नित्यनेम, तोही 1965 साली जपानात विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या यंत्राच्या नावावरून रूढ झाला, परंतु व्रताचा उगम दुकानात सापडला एवढ्यावरून व्रत मोडवणारे आपण कोण? गणपतीविसर्जनाच्या रात्री तीनमारच्या ठेक्यावर नाचून त्यांनी तीन दिवसांचे पुण्य एकदम जमा केले, आणि पट्टीने ते विनातक्रार मंजूर केले.

खरा अनर्थ कोटीच्या गुजराती गल्लीत झाला. तेथून भाचेबुवांनी आर्डुइनो नावाची तळहातात मावणारी पाटी आणि घुबडासारखे दोन डोळे असलेले एक यंत्र आणले. मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा, सेकंदास 40 हजार कंपनांचा ध्वनी एका डोळ्याने सोडायचा, समोरच्या वस्तूवर आदळून परतलेला प्रतिध्वनी दुसऱ्याने टिपायचा, आणि गेलेल्या वेळावरून अंतर काढायचे, ही त्याची रीत. हे घुबड अभ्यासाच्या मेजावर खुर्चीकडे तोंड करून बसविण्यात आले. खुर्चीत काही असेपर्यंत ते मौन पाळून हजेरी लावी. खुर्ची रिकामी दिसताच टाहो फोडी. अपरात्री भाचेबुवा पाणी प्यायला उठले की घुबड ओरडे, घुबड ओरडले की वरंगळचा सहनिवासी “आपु रा!”, म्हणजे ‘बंद कर रे!’, म्हणून ओरडे, आणि मग उरलेली खोली जागी होई. अखेर तह झाला: निजताना खुर्चीवर पत्र्याची ट्रंक ठेवावी, म्हणजे घुबड शांत राहील.

डिसेंबरात थंडी पडली आणि भाचेबुवा आईने शिवलेली गोधडी गळ्यापर्यंत लपेटून अभ्यासास बसू लागले. आता मऊ कापड ध्वनी गिळून टाकते आणि पत्रा तो इमानेइतबारे परत करतो. त्यामुळे गणिते सोडवीत बसलेले भाचेबुवा यंत्राच्या दृष्टीने वारंवार फरारी ठरू लागले आणि ट्रंकेची हजेरी अखंड राहिली. यावर गोधडी टाकावी की यंत्र, हा प्रश्न सामान्य माणसास पडला नसता. भाचेबुवा कुडकुडत बसले.

संक्रांतीला ते चार दिवस गावी गेले. घाईत ट्रंक खुर्चीवरच राहिली. परत येऊन पाहतात तो तक्त्यात सलग 96 तास अध्ययन, वर्षातील उच्चांक! ती नोंद खोडावी म्हणून मी सुचविले, तेव्हा दप्तरातला मूळ आकडा फिरविणे हे पातक असल्याप्रमाणे त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ ते स्वस्थ बसून होते. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पटवाऱ्याच्या पणतूस शोभेल अशा गांभीर्याने लिहिले: “अभ्यास झाला. विद्यार्थी गैरहजर.”