महालक्ष्म्या आल्या, गोळी आणा!

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस सौद्याला घाई करत नाही. कितवं वेत? चारी सड चालू आहेत का? पान्हा लगेच सोडते का? मागं काही दुखणं? धार काढून बघितल्याशिवाय त्याचा हात खिशाकडे जात नाही. त्याच्याच घरातली दहावीतली पोरगी तेव्हा मेडिकलच्या काउंटरपाशी उभी असते. "दादा, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या." दादा विचारतो, "किती दिवस?" झाली तपासणी.

श्रावण संपत आला की या गोळीचा हंगाम सुरू होतो. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, मग नवरात्राचे नऊ, पुढं चुलतभावाची हळद. डोस पोरीची तब्येत बघून ठरत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघून ठरतो. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही. मागितलीच तर लग्नपत्रिका दाखवता येईल! पॅडचा पुडा मात्र न मागता कागदात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत मिळतो. लाज कशाची वाटावी आणि भीती कशाची, याचा आपला हिशेब पहिल्यापासूनच उलटा.

गोळीचं नाव नॉरएथिस्टेरॉन. ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे, हार्मोन आहे. चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पाकिटावरच छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की वाचायला आजीचा चष्मा लागावा. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, अर्धशिशीत डोळ्यांपुढं चमकतं का, कावीळ किंवा यकृताचं दुखणं आहे का, हे डॉक्टर आधी विचारतात. आमच्याकडे तपासणीचं काम मावशीकडे असतं. "मला काही झालं नाही, तुला काय होतंय?" मळमळलं तर उपवासानं, डोकं दुखलं तर जागरणानं. ऐन पूजेच्या दिवशी डाग दिसलाच तर "अजून एक घे."

घोडेगावातून शिंगणापूरकडे वळलं की पाच-सहा किलोमीटरवर शनीचा चौथरा. बायकांना तिथं मज्जाव होता. 26 जानेवारी 2016 ला चौथऱ्याकडे निघालेल्या बायकांना पोलिसांनी वाटेत सुपे गावातच अडवलं. 1 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं 1956 च्या कायद्यावर बोट ठेवून सांगितलं, की मंदिरप्रवेशात बाई म्हणून अडवता येणार नाही. आठच दिवसांनी, गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर चढल्या. साक्षात शनिदेवांनी काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. देवघराच्या उंबऱ्यावर मात्र कोर्टाचं काही चालत नाही. तिथं खंडपीठ आजी, काकू आणि थोरल्या जावेचं. निकाल ठरलेला, अपील नाही.

हल्ली पोरं डॉक्टरला न विचारता मनानंच औषधं घेतात, अशी ओरड असते. पोरं घेतातही, परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी काय काय घेतात ते वेगळंच. पण या गोळीत पोरीचं मन कुठं आलं? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पोट दुखतंय, झोपू द्या. गोळी तिच्या पोटात जाते, पण घेते ती घराच्या सोवळ्यासाठी. आणि पाळी काही रद्द होत नाही. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत येतेच, कधी कधी जास्त त्रास घेऊन. तोवर महालक्ष्म्यांचं विसर्जन झालेलं असतं, पाहुणे गेलेले असतात आणि पोरीला शाळेत जायचं असतं.

तेव्हा यंदा भाद्रपद लागण्याआधी घरोघरच्या काकूंना एवढंच सांगणं आहे. पूजेसाठी पाळी लांबवायचीच असेल, तर पोरीला एकटीला मेडिकलवर धाडू नका, सोबत डॉक्टरकडे चला आणि मावशीला घरीच ठेवा. नाहीतर पाळी येऊ द्या आणि पोरीला सरळ आरतीला उभी करा. त्याला ना चिठ्ठी लागते, ना पैसे.