दांडात पडलेल्या शिकाऱ्यास

कयाधूकाठच्या आमच्या शिवारात रात्री बंदूक घेऊन आलेल्या शूरवीरास,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे. तुम्हाला तो लिहायला माझा हात धजत नाही.

त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. मी गव्हाला पाणी देत होतो. दोन वाजून गेले असतील. धुऱ्यापलीकडं धपकन काहीतरी पडलं. रानडुक्कर समजून काठी घेऊन धावलो, तर दांडात तुम्ही! गुडघ्यापर्यंत चिखल, छातीशी बंदूक, बंदुकीवर थर्मल दुर्बीण. डोकं धरून बसलात, दोनदा ओकलात. माझ्या बॅटरीच्या उजेडात तुमच्या उजव्या डोळ्याभोवती दुर्बिणीच्या रबराचा गोल वळ दिसला. "काका, सगळं फिरायलंय," म्हणालात. मी पाणी पाजलं. त्याचा पस्तावा नाही. त्या वेळी गप्प बसलो, त्याचा आहे.

तुम्हाला झालं काय, ते ऐका. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. दुर्बिणीतल्या उजळ पडद्यानं तुमच्या एका डोळ्याचा तो सराव मोडला, दुसरा अंधारातच राहिला. दोन डोळ्यांनी मेंदूला दोन वेगळी चित्रं पाठवली, खोली-उंचीचा अंदाज गेला. त्यात चित्र मोठं केलेलं, पाऊल टाकलं की हेलकावणारं. मळमळणारच. शिवाय ते यंत्र उजेड पाहत नाही, ऊब पाहतं. रात्री माती, दगड, धुरा सारखेच गार झाले की सगळं सपाट दिसतं. आमच्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत. दांडात पडलात, हे नशीब समजा.

पायाखालचा दांड ज्याला दिसला नाही, तो दूरच्या पांढऱ्या ठिपक्यावर गोळी झाडणार होता! रोही गरम, काळवीट गरम, माझा बैल गरम आणि वाकून पाणी देणारा मीही गरमच. आजूबाजूच्या वावरांत त्या रात्री माझ्यासारखे किती जण होते, मोजलं होतं का? 2018 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीच्या शोधात वनविभागानं थर्मल ड्रोन उडवले होते. हाताशी शिकलेली माणसं होती, तरी शोध लांबत गेला. तुम्ही एकटेच निघालात.

रानडुक्कर आमचा हरभरा उकरतं, रोही तूर खातो. जागलीनं आमचे डोळे सुजतात. म्हणून तुम्ही आमच्यावर उपकार करता, असं सांगत फिरू नका. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडं करायचा असतो, तो आम्ही करतो. काळवीट मारणाऱ्याला वन्यजीव कायद्यानं 3 ते 7 वर्षं कैद आहे आणि किमान 25 हजार दंड. हा कायदा 1972 पासून आहे; तुमच्या दुर्बिणीपेक्षा जुना.

घरी सांगितल्यापासून बायको रात्री मला एकट्याला वावरात जाऊ देत नाही. आता तीही सोबत येते, धुऱ्यावर घोंगडी पांघरून बसते. लांबून तीही तुम्हाला पांढरा ठिपकाच दिसेल.

सकाळी दांड साफ करताना तुमच्या दुर्बिणीचं रबरी झाकण सापडलं. ते मी वनरक्षकाकडं दिलं आहे. हवं असेल तर तिथं जाऊन मागा.

– गव्हाला पाणी देणारा