बिनसमुद्राचा कप्तान

सटाण्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकाला मान्य आहे. कप्तान नानांना नाही. नाना म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत, बागलाणातला तो एक नमुना आहे. वय पंचेचाळिशीपुढचे, चाळीत कांदा, बागेत डाळिंब आणि मोबाईलमध्ये लहानशा शिडाच्या होडीतून रात्रभर समुद्र कापणाऱ्या कुणा गोऱ्या जोडप्याचे व्हिडिओ. टपरीवर चहा उकळेपर्यंत नाना मुंबईहून रत्नागिरीला निघालेले असतात. अंतर एकशेवीस सागरी मैलांच्या आसपास, होडीची चाल ताशी पाच मैल, म्हणजे एक रात्र पाण्यावर काढणे आलेच. हिशेब चोख असतो, तरी ऐकणारे हसतात. हसावे, जरूर हसावे. फक्त ते चुकीच्या जागी हसतात. नानांना समुद्र कळत नाही असे त्यांना वाटते, आणि तो तर नानांना बऱ्यापैकी कळतो.

तो कळण्याचे कारण व्हिडिओ नव्हे, कांदा. उन्हाळ कांदा काढणीला आला आणि आभाळ भरले की बागलाणाच्या पोटात गोळा येतो, आणि त्या आभाळातले बाष्प पुष्कळदा अरबी समुद्राचे असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि त्याचा उरलासुरला जोर नाशिक जिल्ह्यापर्यंत पोचला. अशा अनुभवांतून नाना मोबाईलवर वाऱ्याच्या रेघा वाचायला शिकले. होडीवाल्यालाही नांगर उचलण्याआधी तेच वाचावे लागते. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून मतलई सुटतो आणि त्यावर शीड भरते, हे नाना बिनचूक सांगतात. शिवाय रात्रीच्या प्रवासात शीड ओढणे थोडे, जागणे फार. पौषाच्या थंडीत मध्यरात्री आलेल्या लाईटवर ज्याने पहाटेपर्यंत कांद्याला पाणी भरले, त्याला दोन ते पाचच्या पहाऱ्याचे भय कोणी घालू नये.

यावर शहाणे म्हणतात, शेतात बॅटरी मारली की बांध दिसतो, समुद्रात काय दिसणार? दिवे दिसतात. क्षितिजावर उगवलेले मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते, म्हणून दर दहा मिनिटांनी चौफेर नजर फिरवायची. त्याचा लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे एकदम दिसले तर ते नाक आपल्याकडे करून येते आहे. नवख्याला किनारा दिसत राहिला की धीर येतो. खडक, जाळी आणि मच्छीमारांच्या होड्या मात्र तिथेच दाटीने असतात. हेही नानांना ठाऊक आहे. दुसरा आक्षेप पोहण्याचा. एक तर नाना विहिरीत शिकलेले आहेत. आणि १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमला पोहताच येत नव्हते. अंधारात पाण्यात पडलेला माणूस पोहता येऊनही सापडत नाही. म्हणून कमरेचा पट्टा होडीला अडकवलेला बरा. (पट्ट्याची किंमत नानांनी काढून ठेवली आहे. होडीची काढलेली नाही.)

तर मग घोडे पेंड कुठे खाते? झोपेत. नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या होडीवर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०२५च्या अखेरीस परतल्या. दोघींच्या होडीत एकीने डोळे मिटायचे तर जागीवर पुरता विश्वास टाकावा लागतो. पहाऱ्यावर जागणे हे अर्धेच काम. पाळी संपली की मुकाट झोपणे हे उरलेले अर्धे, आणि ते नानांच्या रक्तात नाही. सालगड्याला मोटर चालू करायला पाठवून मागोमाग नाना स्वतः बॅटरी घेऊन बांधावर हजर. कांद्याची पिकअप बाजार समितीकडे निघाली की ड्रायव्हरला दर दोन गावांमागे फोन. पुतण्याच्या लग्नात आचारी ठरवलेला, तरी भाताच्या पातेल्याचे झाकण उघडून बघणार नानाच. कुणी म्हणेल, ही जबाबदारीची जाणीव झाली. असेलही; पण तिच्यामुळे पहिल्या रात्री होडीत दोघे जागे राहतील आणि दुसऱ्या रात्री दोघे झोपतील.

रत्नागिरीपर्यंत एकच रात्र, तेवढी निभेल. गोव्याला त्याच चालीने दोन लागतात. नानांनी तोडगाही काढून ठेवला आहे: होडी रत्नागिरीला बांधायची आणि पुढे एसटीने जायचे, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, कारण त्याचा डोळा लागला तर बघायला कुणीतरी हवे.