चहा चाळीसवर येईना

मे महिन्यात अकोल्याला गेलो, तर बी.एस्सी.तला भाचा कूलरसमोर मांडी घालून असाइनमेंट उतरवत होता. हो, उतरवतच. मूळ वही अमरावतीच्या कुणा सीनियरची. तिचे फोटो व्हॉट्सॲपवरून अर्ध्या वऱ्हाडात पोचलेले. तिसऱ्या पानावरची वजाबाकीची चूकसुद्धा सगळ्यांकडे एकाच ओळीत.

प्रश्न न्यूटनच्या शीतलीकरणाचा. खोली २५ अंश. चहा ९० वरून ६० वर यायला १० मिनिटं लागतात, तर ४० वर यायला किती? वहीतलं उत्तर : २३.७ मिनिटं.

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला आणि भिंतीवरचं घड्याळ खोलीचं तापमान ४३ दाखवू लागलं.

‘‘२५ कुठून आणलं रे?’’

‘‘मामा, रूम टेम्परेचर पंचवीसच घ्या लागते. सर म्हणते.’’

म्हटलं, ४३ घालून बघ. तोच कप, ६० वर यायलाच सोळा मिनिटांच्या वर लागली. पुढे ४० साठी उणे संख्येचा लॉग आला आणि कॅलक्युलेटरनं ‘मॅथ एरर’ म्हणून हात टेकले. भाच्याला वाटलं, बिघडला. बिघडला कसला, साऱ्या वर्गात खरं बोलणारा तोच एक! ४३च्या खोलीत चहा ४० वर यायला पावसाळा लागतो. (बाष्पीभवनाचं नाव काढू नका. त्यावर कूलर चालतो आणि तो प्रश्न पुढच्या असाइनमेंटमध्ये आहे.)

न्यूटननं १७०१ साली हे छापलं तेव्हा खाली नावही घातलं नव्हतं. आमच्याकडे उलटं : आत काय आहे ते कुणी बघत नाही, पण पानोपानी सही पाहिजे.

बरं, गणितं घालायला वऱ्हाडात काय कमी आहे? मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५च्या वर गेला आणि उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पडलं, गिनीज विक्रम झाला. म्हणजे ताशी साधारण ७१० मीटर. आता पोटप्रश्न : ७५ किलोमीटर एका लेनचे होते, दोन लेनचा रस्ता धरला तर साडेसदतीसच, मग टाळ्या किती वाजवाव्यात? पण पुस्तकातला ठोकळा अजून घर्षण नसलेल्या उतारावरूनच घसरतोय. असा उतार असलेलं गाव कुठल्या तालुक्यात आहे, देव जाणे.

ताईनं चहा आणला. भाच्यानं ४३ खोडलं, २५ लिहिलं. मग चहा बशीत ओतला, दोन फुंकरा मारल्या, मिनिटभरात संपवला आणि वहीत सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून खाली दोन रेघा ओढल्या : २३.७ मिनिटं.