काटा हलला का?

नेरूळ घ्या, सानपाडा घ्या नाहीतर खारघर. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलात, तर एखाद्या गाडीची मागची सीट काढून भिंतीला टेकवलेली असते आणि मागच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय ज्यांचे, ते काका बहुधा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्यातरी कारखान्यात मेंटेनन्सला होते. नोकरीतून निवृत्त झाले, मेंटेनन्समधून नाही.

दुखणं एवढंच, की टाकी फुल्ल असली तरी पेट्रोलचा काटा तळाशी झोपलेला. तुम्ही-आम्ही गाडी गॅरेजला देऊन मोकळे होऊ. तिथे सांगतात, "टाकीतलं अख्खं युनिट बदलावं लागेल." हा 'अख्खं' शब्द काकांना शिवीसारखा लागतो. पंप ठणठणीत, फिल्टर ठणठणीत, आणि बोटाएवढ्या पट्टीपायी सगळंच बदलायचं? (गॅरेजवाल्याचंही फारसं चुकत नाही. पेट्रोलच्या टाकीतल्या जुगाडाची गॅरंटी तो कुठून देणार?)

मग जो सापडेल त्याला काका समजावतात. "अहो, साधं आहे. टाकीत फ्लोट तरंगतो, त्याला दांडी, दांडीला पत्ती. पेट्रोल उतरलं की पत्ती पट्टीवरून सरकते, रेझिस्टन्स बदलतो, काटा खाली येतो. पट्टी झिजली, फ्लोटला भोक पडून तो बुडाला, नाहीतर अर्थिंग गंजलं, की संपलं!" गंजाचं खापर ते खाडीच्या खाऱ्या हवेवर फोडतात. सिडको स्थापन झाली 1970 साली आणि तिने शहर वसवलं ते खाडीकाठी. म्हणजे काकांच्या गाडीचं अर्थिंग हा मुळात नगररचनेचा प्रश्न.

काम मात्र शिस्तीत. आधी बॅटरीची निगेटिव्ह सुटते. मग वॉचमनला बजावलं जातं, की आसपास कुणी काडी ओढता कामा नये. सीटखालचं झाकण निघतं, युनिट बाहेर येतं, टाकीचं तोंड ओल्या फडक्याने झाकलं जातं. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडचा. तो आणला त्या दिवशी घरातले सगळे सेल तपासून झाले, घड्याळातला चालू सेलसुद्धा.

युनिट वायर लांबवून टाकीपासून दूर नेलं, बॅटरी पुन्हा जोडली, की एक माणूस काट्यासमोर बसवावा लागतो. दूध आणायला उतरलेला बी विंगमधला कॉलेजकुमार हाती लागतो. काका फ्लोट वर उचलतात आणि ओरडतात, "काटा हलला का?"

"नाही, काका."

"आता?"

"नाही."

काका वैतागून फ्लोट सोडतात. तेवढ्यात पोरगा ओरडतो, "हलला! हलला!" काटा मुळात मंदच ठेवलेला असतो. नाहीतर पामबीच रोडच्या वळणावर पेट्रोल हिंदकळलं की तोही नाचायला लागेल. काकांना हे पाठ आहे. धीर तेवढा नाही. एव्हाना जमलेल्यांपैकी कुणी फ्यूज बघायला सांगतो, कुणी इथेनॉलच्या नावाने बोटं मोडतो. दूध तापू लागलेलं असतं, गॅसवर नव्हे, पोराच्या हातात.

अखेर पत्ती किंचित वाकवून पट्टीच्या न झिजलेल्या भागावर आणली जाते, अर्थिंग घासलं जातं आणि काटा उठतो. काकू तोवर रिक्षाने वाशीला भाचीच्या साखरपुड्याला पोचलेल्या असतात.

गंमत पुढेच आहे. दुरुस्त केलेल्या काट्यावर काकांचा काडीचा विश्वास नसतो. डॅशबोर्डच्या खणात वही असते. टाकी फुल्ल केल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं तिच्यात. काटा अर्ध्यावर असला तरी वहीने सांगितलं की गाडी पंपावर. मग खटाटोप कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "बंद काटा बघवत नाही हो."

आणि लगेच तुमच्या गाडीकडे वळतात. "तुमचा कसा उतरतो?"

तुम्ही बेसावधपणे सांगून जाता, की वरची अर्धी टाकी सावकाश उतरते, खालची मात्र भरभर. आता बऱ्याच गाड्यांत तो टाकीच्या आकाराचा आणि फ्लोटच्या बैठकीचा खेळ असतो, हे काकांइतकं कुणाला ठाऊक?

"हं," ते म्हणतात. हात पाठीमागे, दहा-अकराचा पाना त्या हातात. "रविवारी आहात ना? मागची सीट काढायला पाच मिनिटं लागतात."