तुला काय वाटतं?

आमच्या साहेबांना प्रश्न विचारायची सोय नाही. तो परत मिळतो, व्याजासकट.

बेलपाड्याच्या मेट्रो स्टेशनवर सकाळी साडेनऊला ते तुम्हाला दिसतील. पाठीला सॅक, हातात तांब्याची बाटली, चेहऱ्यावर समोरच्याच्या विकासाची काळजी. १७ नोव्हेंबर २०२३ला ही मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळं खारघर खूश झालं. मला मात्र बेलापूरपर्यंतची दोन स्टेशनं साहेबांचा सहवास मिळाला. त्याआधी मी रिक्षाने जायचो. विकास खुंटलेला होता, पण डोकं शांत होतं.

साहेब मुळात आमच्यातलेच. न्हावाशेव्याला येणारा माल कस्टममधून सोडवून देणारं आमचं ऑफिस. तिथेच वीस वर्षं कागद रंगवून ते वर चढले. चुकलं की ओरडायचे, बरोबर असलं की गप्प बसायचे. सगळं सुरळीत होतं. मग कंपनीने त्यांना लोणावळ्याला दोन दिवसांच्या कोचिंग शिबिराला धाडलं. लोक तिथून चिक्की आणतात, साहेब 'ग्रो' घेऊन आले. ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार अशा त्याच्या चार पायऱ्या. जॉन व्हिटमोर नावाच्या इंग्रजाने १९९२च्या पुस्तकातून त्या जगभर नेल्या. हा गृहस्थ आधी मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. वळण आल्यावर तो गाडीला 'तुला काय वाटतं?' असं विचारत नसावा.

साहेब मात्र सगळ्यांना विचारतात. परवा आमच्या ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला.

"साहेब, करळ फाट्याला आडकलोय. कागद घेत नाय, काय करू?"

"छान. आत्ता तू नेमका कुठे आहेस, असं तुला वाटतं?"

"वाटतं कशाला? करळ फाट्यालाच हाय."

"आणि तुला कुठे असायला आवडेल?"

"घरी."

इतकं स्पष्ट ध्येय आमच्या ऑफिसात आजवर कोणी सांगितलेलं नाही. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. कागद मी पाठवले.

रविवारीही सुटका नसते. गावात म्हावरं विकणाऱ्या मावशींना त्यांनी एकदा विचारलं, "मावशी, या सुरमईकडे तुम्ही कशा बघता?" मावशी म्हणाल्या, "डोल्यांनी. घेतोस का पुढं सरतोस?" साहेबांना त्या दिवशी मासा महाग पडला. मावशींना कोचिंगची गरज नाही, हे मात्र त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

चूक सांगायची त्यांची पद्धत वडापावाची. खाली कौतुक, मध्ये चूक, वर पुन्हा कौतुक. पण कोणाचं मन दुखवायचं नाही म्हणून ते वडा दिवसेंदिवस लहान करत गेले. हल्ली आम्हाला नुसता पाव मिळतो. टेबलावर आचरेकर सरांचा फोटो आहे. एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही 'छान खेळलास' म्हटलं नाही, असं सचिनने २०१३मध्ये वानखेडेवर निरोप घेताना सांगितलं होतं. त्याच फोटोखाली बसून साहेब स्टेपलर नीट मारल्याबद्दलही 'सुपर्ब' म्हणतात.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवा मुलगा आला. त्याच्या हाती चिनी मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा अर्ज, आली. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत ती भरावी लागते, नाहीतर पहिले तीन दिवस रोजचे ५ हजार आणि पुढे रोजचे १० हजार दंड. पोराने विचारलं, "सर, कोड कोणता लावू?" साहेब प्रेमाने म्हणाले, "तुला काय वाटतं?" त्याला जे वाटलं ते त्याने लावलं.

संध्याकाळी सातला साहेबांनी सहज स्क्रीनकडे पाहिलं आणि लोणावळा त्यांच्या अंगातून खाडकन उतरलं.

"अरे गाढवा, ही प्लास्टिकची भांडी?"

"सर, यादीत कढई लिहिलीय, तवा लिहिलाय..."

"भातुकली आहे ती! या कढईत भजी कोण तळणार, तुझी आजी? भांडी एकोणचाळीसात, खेळणी पंचाण्णवात. सरक तिकडे!"

खुर्ची ओढून ते स्वतः बसले. कॅटलॉग कसा वाचायचा, यादीवर का विश्वास ठेवायचा नाही, आठ आकड्यांतला कुठला आकडा कुठे गोत्यात आणतो, आपण १९९८मध्ये नेमके कुठे फसलो होतो, हे सगळं शिव्यांसकट रात्री साडेदहापर्यंत चाललं. पोरगं खाली मान घालून भराभर लिहीत होतं. त्याने अकरा पानं भरली, मी मोजली. मधे साहेबांनी त्याला स्वतःच्या डब्यातली पोळीही दिली, तीही न विचारता.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत साहेब पडलेल्या चेहऱ्याने उभे होते. आरबीआय कॉलनी गेल्यावर हळूच म्हणाले, "काल फार चुकलं रे माझं. त्या पोराचं कोचिंग करायचं राहूनच गेलं. आता काय करावं, तुला काय वाटतं?"

बेलापूर आलं म्हणून वाचलो.