बेरीज-वजाबाकीचा घरगुती सराव : जासई आवृत्ती

हे मार्गदर्शन पहिली-दुसरीतल्या मुलांच्या पालकांसाठी आहे. मुलांना त्याची तितकीशी गरज नसते.

साहित्य : सुके बोंबील ७, पाटी, खडू, टोपली आणि जमेल तेवढा संयम. मांजर बाहेर ठेवावे. ते वजाबाकी चोख करते, पण पायऱ्या दाखवत नाही.

पायरी १. बोंबलांचे दोन ढीग करावेत, चारचा आणि तीनचा. मुलाकडून वदवून घ्यावे : ४ + ३ = ७, ३ + ४ = ७, ७ − ४ = ३, ७ − ३ = ४. आकडे तीन, गणिते चार; एक पाठ झाले की तीन फुकट. मूल ३ − ७ हे पाचवे गणित सुचवेल. त्यावर ताट पुढे करून ‘तीन बोंबलांतले सात वाढ’ म्हणावे.

पायरी २. चार बोंबील बाहेर ठेवून बाकीचे टोपलीखाली झाकावेत. ‘आत किती?’ मुलाने ‘चारात किती मिळवले की सात?’ असा विचार केला, तर वजाबाकीचे काम बेरजेवरच भागले. टोपली उचलून पाहिली तर ओरडू नये. पडताळा अभ्यासक्रमातच आहे.

पायरी ३. क्षेत्रभेट. दास्तान फाट्याजवळ रस्त्यापासून लांब उभे राहून न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर दाखवावेत. ४० फुटी कंटेनरच्या जागेत २० फुटी दोन बसतात : २० + २० = ४०, ४० − २० = २०. दोन्ही संख्या सारख्या, म्हणून इथे गणिते दोनच. उरलेली दोन शोधायला मुलाला रस्त्यावर सोडू नये.

पायरी ४. ताळा. मिळवलेले वजा केले, वजा केलेले मिळवले, की आपण मूळ संख्येवर येतो. हा पाठ आजोबा घरात नसताना घ्यावा. ते असले तर हिशेब मांडतील : एकराचे गुंठे ४०. नवी मुंबईसाठी ४० गेले, बाकी शून्य. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्याच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ४० गुंठ्यांवर ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के, म्हणजे दीड गुंठा, कापला. हाती साडेतीन. ‘मंग रं बाला, जुळतंय का?’

मूल म्हणेल, ४० − ४० = ०, तर ० + ४० = ४० पाहिजे. पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर आहे. पूर्ण गुण द्यावेत.

मूल्यमापन : मुलाने ‘मग बाकीचे साडेछत्तीस कुठे?’ असे आपणहून विचारले, तर प्रगतिपुस्तकात ‘वजाबाकी पक्की’ असा शेरा मारावा आणि त्याला लगेच वरच्या इयत्तेत घालावे. तिथे टक्केवारी शिकवतात.